जोडाचं वाक्य

मोठे साहेब, म्हणजे मंत्रीमहोदय, सभागृहात भाषणाला उभे राहिले की तिथलं बोलणं उतरवून घेणाऱ्या प्रतिवेदकांच्या खोलीत चहाची पैज लागायची. आज किती वेळा घसरतात? दोनदा म्हणणारा हमखास हरायचा.

एकदा शोकप्रस्तावावर बोलताना त्यांनी तिसऱ्या बाकावर जिवंत बसलेल्या एका म्हाताऱ्या सदस्यालाच श्रद्धांजली वाहिली. चांगली चार मिनिटं. त्यांचे गुण सांगता सांगता गहिवरले देखील. शेवटी म्हातारबुवा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी अजून आहे." दुसऱ्या खेपेला प्रश्न होता शाळांचा, साहेबांच्या हातात पान आलं गुराढोरांचं, आणि मुलांना दिवसातून दोनदा ओला चारा मिळतो असं त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. एकच पान लागोपाठ दोनदा वाचणं तर नेहमीचंच. मागच्या बाकांवरचे त्यांचे लोक दोन्ही वेळा बाकं वाजवायचे, दुसऱ्यांदा जरा जास्तच.

आणि छापील अहवालात? छापील अहवालात साहेब कसे अगदी घासूनपुसून ठेवलेले! तिथे म्हातारबुवांना दीर्घायुष्य चिंतलेलं, मुलांना सकस आहार मिळालेला, आणि दोनदा वाचलेलं पान एकदाच. ही सगळी किमया ज्या चारपाच माणसांची, त्यांत ताई एक.

ताई म्हणजे सभागृहातली लघुलेखिका. मधल्या खोलगट जागेत एक बुटकं टेबल असतं, तिथे बसून बोललेला शब्द न् शब्द वहीत उतरवून घ्यायचा, मग वर खोलीत जाऊन टंकायचा, हे तिचं काम. सव्वीस वर्षं तिने दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं आणि स्वतः फारसं काही बोलली नाही. पाठीमागे तिला मुकी ताई म्हणत, ते तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. घरी तरी कुठे बोलायला माणूस होता? नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेल्याला तीन वर्षं झाली होती. तोही दिवसभर खुर्चीत बसून खिडकीतून बघायचा. दुसऱ्या मजल्यावरचं सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, एक नळ. नोकरी आहे तोवर छप्पर आहे, हा हिशेब तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चुका सुधारायच्या हे तिला कुणी लेखी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे खोलीतले सगळ्यांत जुने प्रतिवेदक. ताईसकट सगळ्यांची लघुलिपी त्यांच्याच हाताखाली घोटून तयार झालेली. ते म्हणायचे, "जीभ घसरली तर हात द्यायचा. अर्थ मात्र हलवायचा नाही. माणूस जे म्हणणार होता ते लिही, जे म्हणायला नको होतं ते खोडू नकोस." मास्तरांचे असे बरेच नियम होते. आकडे आकड्यांत लिहायचे नाहीत, घाईत एकाचे सात होतात, म्हणून तेही लिपीतल्या खुणांनीच लिहायचे. वही शाईनेच. खाडाखोड नाही.

आणि जोडाचं वाक्य. ते मात्र मास्तरांच्याही आधीपासूनचं. सभागृहात एकेकाची पाळी पाच मिनिटांची. पाच मिनिटं संपत आली की पुढचा माणूस मागच्या दाराने येतो, शेजारी बसतो, पेन उघडतो. पण आधीचा लगेच उठत नाही. दोघं मिळून एक वाक्य लिहितात, तेच वाक्य, दोन वह्यांत. पुढच्याची लय लागली की आधीचा उठतो. मधे एक शब्दही सांडू नये म्हणून ही सोय. टंकतानाही दोघांनी ते वाक्य टंकायचं. एकाचं शेवटचं, दुसऱ्याचं पहिलं. अहवालाचा संपादक दोन पानं जुळवतो आणि एक ओळ कापतो. बाहेरच्या कुणाला या भानगडीचा पत्ताही नव्हता.

त्या दिवशी दुपारी साहेब नदीकाठच्या गोदामाच्या आगीवर निवेदन करत होते. आठवडाभर गाजत होतं प्रकरण. सरकार म्हणत होतं चार माणसं गेली. लोक म्हणत होते जास्त. गोदामात रोजंदारीवर आलेल्यांची नावं हजेरीपटावर नव्हती, आणि पटावर नाही तो आत नव्हताच, असं सरकारी उत्तर ठरून गेलं होतं. विरोधक सकाळीच दुसऱ्याच कुठल्या कारणावरून सभात्याग करून गेले होते, त्यामुळे अर्धं सभागृह रिकामं. उरलेल्या अर्ध्याला जेवणानंतरची डुलकी लागलेली. पत्रकारांच्या कठड्यात एकच माणूस, तोही हनुवटी छातीवर टेकवून.

ताईची पाळी संपत आली. मास्तर येऊन शेजारी बसले, पेन उघडलं. साहेबांच्या फाइलीत टंकलेल्या पानाला एक चिठ्ठी टाचलेली होती, खालच्या टेबलावरूनही दिसेल अशी, पण फक्त त्यांच्या माहितीसाठी. आता फक्त माहितीसाठी दिलेली गोष्ट आणि बोलायची गोष्ट यांतला फरक साहेबांनी आयुष्यात कधी पाळला होता? त्यांनी चष्मा सरळ केला आणि चिठ्ठीवरचा आकडा घालून मोठ्याने वाचलं, "त्या सतरा कुटुंबांच्या दुःखात सरकार सहभागी आहे, आणि एकाही कुटुंबाला वाऱ्यावर सोडणार नाही."

मग पाणी प्यायले आणि पुढच्या पानावर गेले.

ताईचा हात वाक्य पुरं करून थांबला. तिने मान वळवली नाही, पण मास्तरांचं पेन एक क्षण अडखळल्यासारखं तिला वाटलं. ती उठली. जाताना वर अधिकाऱ्यांच्या कठड्याकडे नजर गेली. साहेबांचा स्वीय सहायक तिथे उभा होता आणि घड्याळात बघत होता. कुणाची पाळी ते तो बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

खोलीत येऊन तिने यंत्रात कागद चढवला तोवर सहायक दारात. हसतमुख माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. लोक त्याच्या त्या हसण्यालाच घाबरायचे. तो आला, समोरची खुर्ची ओढून बसला.

"ताई, आपले मिस्टर कसे आहेत?"

"आहेत तसेच."

"दुसऱ्या मजल्यावर ना तुम्ही? त्यांना जिना झेपत नसेल. तळमजल्यावरचं एक क्वार्टर रिकामं होतंय म्हणे." तो टेबलावरची टाचणी उचलून बोटात फिरवू लागला. "रिकामी काय, कुठलीही होतात. बरं, साहेबांची जरा जीभ घसरली आज. तुम्ही तर नेहमीच सांभाळून घेता."

"सतरा म्हणाले ते," ताई म्हणाली. कशी म्हणाली कोण जाणे, शब्द तोंडातून निघूनच गेला.

"चार म्हणायचं होतं त्यांना."

"पण चिठ्ठी…"

"कसली चिठ्ठी?" तो हसला. "टेपसुद्धा नेमकी आजच खराब निघालीय बघा. आता काय ती तुमचीच प्रत. तुमच्या वहीतलं ते मुंग्यांच्या रांगेसारखं कोण वाचतंय? सहीनिशी पाठवून द्या चार वाजेपर्यंत."

तो गेला. ताईची बोटं कळांवरून घसरत होती. नोकरी गेली तर? क्वार्टर सोडायला महिन्याची नोटीस देतात. नवऱ्याला खुर्चीसकट कुठे ठेवायचं, फुटपाथवर? ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात घण घालत होती. सतरा माणसं जळाली होती, आणि ती विचार करत होती एका खुर्चीचा. तिला स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, काय करता?

तिने टंकलं: त्या चार कुटुंबांच्या दुःखात. तेरा माणसं एका शब्दासरशी गेली. खाली सही केली.

आणि मग तिला आठवलं. ते जोडाचं वाक्य होतं!

सहायकाला हे माहीतच नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं, पाळी ताईची निघाली, तो ताईकडे आला. तेच वाक्य मास्तरांच्या वहीत पहिल्या ओळीला बसलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. मास्तरांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ते सतरा लिहिणार, त्यांना दुसरं काही लिहिताच यायचं नाही. उद्या दोन पानं शेजारी ठेवली की एकावर चार आणि एकावर सतरा, दोघांच्या सहीनिशी.

ती उठली. मास्तर कोपऱ्यातल्या खोलीत एकटे बसून टंकायचे, त्यांना गोंगाट चालायचा नाही. व्हरांड्यातून चाळीसेक पावलं. दार अर्धं उघडं होतं आणि आतून यंत्राची टकटक ऐकू येत होती, एका लयीत, मास्तरांची नेहमीची. ताई दारापाशी पोचली. काय सांगणार होती? मी बदललं, तुम्हीही बदला? ते विचारतील, अर्थ हलवलास? त्या नजरेला काय उत्तर द्यायचं? आणि समजा ते उठून तडक सभागृहाच्या सचिवांकडे गेले, तर? तिची सही तर झालेली. आत टकटक थांबली. ताईला वाटलं, आता ते बाहेर बघणार. ती पाय न वाजवता मागे फिरली, भराभर चालत आपल्या टेबलाशी आली आणि पान शिपायाच्या हातात देऊन टाकलं. आपल्याला जसं सांगितलं तसं त्यांनाही कुणीतरी सांगेलच, अशी तिने मनाची समजूत घातली. खोटी होती ती, आणि तिला ते कळत होतं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला भरवताना दोनदा चमचा सांडला. त्याने काय झालं म्हणून भुवया उडवल्या. काही नाही म्हणाली.

सकाळी पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या. कठड्यातला तो डुलकी घेणारा पत्रकार अगदीच झोपला नव्हता तर! मंत्र्यांनी सभागृहात सतरा कुटुंबांचा उल्लेख केल्याची चर्चा आहे, एवढंच. दहा वाजता विरोधकांनी अधिकृत प्रत मागितली. साडेदहाला संपादकाने दोन पानं जुळवायला घेतली आणि तो ती घेऊन सचिवांकडे पळाला. अकरा वाजता ताईला बोलावणं आलं. येताना वही घेऊन या.

सचिवांच्या खोलीत मास्तर आधीच उभे होते, आपली वही काखेत धरून. सहायक खिडकीशी. आज तो हसत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. ताईने खुर्चीची पाठ धरली.

सचिव तोलूनमापून बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोन्ही पानं पुढे सरकवली. "एकच वाक्य, दोन आकडे. मास्तर, तुमची चौतीस वर्षं झाली. आजवर एक ओळ चुकली नाही तुमची. ही चुकली का?"

"माझ्या वहीत सतरा आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "जे बोलले ते."

"ताई, तुमच्या वहीत?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने वही उघडली. पान लगेच सापडलं. शेवटची ओळ, शाईतली, एकही खाडाखोड नसलेली. सतराची खूण तिच्याकडे टक लावून बघतेय असं तिला वाटलं. तिने ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "त्या चार कुटुंबांच्या दुःखात सरकार सहभागी आहे."

स्वतःचा आवाज तिला परका वाटला. खिडकीशी सहायकाने श्वास सोडला.

पण सचिव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. उद्या विरोधक वह्या मागतील, तेव्हा आपण खात्री करून घेतली होती असं त्यांना म्हणता यायला हवं होतं. ते म्हणाले, "मास्तर, यांना लघुलिपी तुम्हीच शिकवलीत ना? यांचं अक्षर तुमच्याइतकं कुणाला लागणार नाही. तुम्हीच वाचा बरं."

मास्तरांनी हात पुढे केला. ताईची बोटं वही सोडायला तयार होईनात. मास्तरांनी ती हळूच ओढून घेतली, खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, घातला. आता संपलं. खोटी सही, खोटं वाचन, तेही सचिवांच्या तोंडावर. नुसती नोकरी नाही, पोलीस. हातात बेड्या घालून जिन्यावरून नेतील आणि तो खुर्चीत बसून बघत राहील, त्याला विचारताही येणार नाही कुठे नेताय म्हणून. मास्तरांनी एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काय होतं ते त्यांनी वाचलं असावं, कारण ते बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. पानाच्या पहिल्या ओळीपासून, शांतपणे, शिकवताना वाचायचे तसं. गोदाम कधी बांधलं, आग कधी लागली, बंब किती वाजता पोचले. शेवटच्या ओळीला आले. "त्या," ते म्हणाले आणि क्षणभर थांबले, "चार कुटुंबांच्या दुःखात सरकार सहभागी आहे, आणि एकाही कुटुंबाला वाऱ्यावर सोडणार नाही."

वही मिटून त्यांनी ताईच्या हातात दिली. "हिचं बरोबर आहे, साहेब. चूक माझी. वय झालं आता."

सचिवांनी डोळे मिटून मान हलवली. सहायकाने खिशातून पेन काढून मास्तरांपुढे धरलं. मास्तरांनी आपल्या पानावर सतरा खोडलं, वर चार लिहिलं, बाजूला सही केली. त्यांच्या हातची पहिली खाडाखोड.

व्हरांड्यात ताई त्यांच्यामागे धावली. तिला रडू फुटत होतं आणि कुणी बघेल म्हणून ती ते दाबत होती. "मास्तर, मी… तुम्ही का…"

"हळू," मास्तर म्हणाले. "तुझं सतरा अगदी स्वच्छ होतं. एवढ्या घाईतही वळण मोडलं नाहीस." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "काल दारापर्यंत आली होतीस ना? तुझी चाल ओळखतो मी. टंकायचं थांबवलं, म्हटलं येईल आत. यायला हवं होतंस गं."

"आले असते तर तुम्ही काय केलं असतंत?"

"कोण जाणे. कदाचित मीही घाबरलो असतो. पण दोघं तरी असतो." त्यांनी वही काखेत नीट धरली. "मघाशी मी खरं वाचलं असतं तर ते तेरा जण कागदावर राहिले असते आणि तू गेली असतीस. मला नाही जमलं. आता ते तेरा जण आपल्या दोघांच्याही हातून गेले. हे विसरू नकोस, एवढंच."

आठवड्याच्या आत मास्तरांना घरी पाठवलं. कामातली अक्षम्य चूक, असं आदेशात लिहिलं होतं. तो आदेश टंकायलाही ताईकडेच आला आणि तिने तो टंकला. निरोपाला कुणी थांबलं नाही. ज्यांची बोटं त्यांनी वळणावर आणली होती ते सगळे त्या दिवशी भलतेच कामात होते. विरोधकांना अधिकृत प्रत मिळाली, दोन्ही पानांवर चार. गोदामासमोर गेलेल्यांच्या घरच्या काही बायका चार दिवस बसल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांनाही उठवलं.

महिनाभराने ताईला तळमजल्यावरचं क्वार्टर मिळालं. तिने अर्ज केला नव्हता. नवऱ्याची खुर्ची आता दारात ठेवता यायची, त्याला येणारी-जाणारी माणसं दिसायची, तो खूश होता. ताई मात्र दारावर टकटक झाली की दचकायची. पोस्टमन आला तरी तिच्या तोंडचं पाणी पळायचं. कुणी येऊन वही मागेल, असं तिला रोज वाटायचं. पण वही मागायला कुणी आलं नाही.

आला तो सहायक, दुपारी, खोलीत. साहेब त्या दिवशी परत घसरले होते. धरणाच्या ठेक्यावर बोलता बोलता ठेकेदाराला "आमचे जावई" म्हणून गेले होते, आणि ते खरोखरच जावई होते. सहायक समोरच्या खुर्चीत बसला. पुन्हा हसायला लागला होता.

"क्वार्टर कसं काय, ताई? ओल नाही ना येत?"

"नाही."

"छान. एक छोटीशी दुरुस्ती होती. शब्द तुम्हाला ठाऊकच आहे." तो पुढे वाकला, आवाज खाली आणला. "आणि या खेपेला गडबड नको. ते तुमचं जोडाचं की काय म्हणतात, ते आता कळलंय मला. हे वाक्य तसलंच आहे का?"

ताईने यंत्रातला कागद सरळ केला. तो थांबला. त्याला घाई नव्हती. खोलीत बाकीची यंत्रं चालू होती, सगळ्यांच्या माना खाली.

"तुमच्यानंतर कुणाची पाळी होती, ताई?"

तिने यंत्रावरचे हात मांडीवर घेतले आणि पदराखाली झाकले. मास्तरांनंतर त्यांच्या जागी आलेली बाई खिडकीजवळ बसून टंकत होती, एका लयीत, आजूबाजूला न बघता. तिची दोन लहान मुलं होती. तिने डब्यातली अर्धी पोळी ताईला सकाळीच दिली होती.

"खिडकीजवळचं टेबल," ताई म्हणाली.